एडीसीचं चॅनल डिव्हाइसट्रीत लिहिताना: मोजमाप कशाच्या तुलनेत, आणि फरक उणे जातो का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बोर्डवर एडी७१२४-८ ही एडीसी चिप (व्होल्टेजचा आकडा करून देणारी) आहे. तिला २० किलोचा एक लोडसेल (वजनाचा सेन्सर), एक पीटी१०० (तापमानाचा सेन्सर) आणि ४ ते २० मिलिअँपिअरचा एक प्रेशर ट्रान्समीटर (दाबाचा सेन्सर) जोडलाय. लिनक्सच्या डिव्हाइसट्रीत, म्हणजे बोर्डवर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, या तिघांची चॅनल्स लिहायची आहेत, आणि डिफ-चॅनल्स, सिंगल-चॅनल, कॉमन-मोड-चॅनल, बायपोलर यांपैकी कुठे काय लिहायचं ते ठरत नाहीये. शिवाय काट्याची तक्रार आहे. ५ किलोच्या वजनाने कॅलिब्रेट केलं की ५ किलो बरोबर ५.००० दिसतं, पण १ किलो ठेवलं तर ०.८३३ आणि १० किलो ठेवलं तर १०.२०८. पुरवठादार लोडसेल बदलून द्यायला तयार आहे, आणि बदलून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

बदलून घेऊ नका. लोडसेल चांगला आहे. तुम्ही दिलेल्या तीन आकड्यांतच दोष कुठे आहे ते दिसतं.

१ किलोपासून १० किलोपर्यंत ९ किलोंची वाढ झाली, आणि काट्यावर ९.३७५ ची वाढ दिसली. म्हणजे उतार १.०४१७. याच उताराने १ किलोवरून ५ किलोवर आलात तर ०.८३३ अधिक ४.१६७, म्हणजे बरोबर ५.०००. तिन्ही बिंदू एकाच सरळ रेषेवर बसले. लोडसेल वाकडा असता तर ते असे बसलेच नसते. आता ही रेषा मागे शून्यापर्यंत न्या. ती शून्य किलोला शून्य होत नाही, २०० ग्रॅमला होते. पण रिकामा पॅनही काट्यावर ०.००० च दाखवतोय. याचा अर्थ ० ते २०० ग्रॅम या पट्ट्यात एडीसीचा आकडा हलतच नाही. पडताळून पाहा: रिकाम्या पॅनवर १०० ग्रॅमचं वजन ठेवा आणि आयआयओच्या (लिनक्सचा असे सेन्सर वाचणारा भाग) फोल्डरमधली त्या चॅनलची रॉ फाइल, म्हणजे चिपचा कच्चा आकडा, वाचा. ० येईल. २५० ग्रॅम ठेवा, आकडा हलेल.

याचं कारण तुमच्या डिव्हाइसट्रीत लोडसेलच्या नोडमध्ये (त्याच्या वर्णनाच्या तुकड्यात) बायपोलर, म्हणजे फरक उणेही जाऊ शकतो असं सांगणारा शब्द, नाही, एवढंच आहे. तो का वगळला हेही तुम्ही लिहिलंय: "आमच्या कुठल्याच पिनवर उणे व्होल्टेज येत नाही, सगळं ० ते ३.३ व्होल्टमध्ये आहे." हा गैरसमज फार जणांचा असतो, म्हणून आधी तोच सोडवतो. बाकीचं त्यातून आपोआप उलगडेल.

लोडसेलच्या आत चार रोधांचा व्हीटस्टोन ब्रिज असतो. त्याला ३.३ व्होल्ट दिले की सिग्नलच्या दोन्ही वायर, सहसा हिरवी आणि पांढरी, ग्राउंडच्या तुलनेत १.६५ व्होल्टच्या आसपास उभ्या राहतात. वजन या दोघींच्या फरकात असतं. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोडसेल असेल तर पूर्ण २० किलोला हा फरक फक्त ६.६ मिलिव्होल्ट, म्हणजे किलोमागे ०.३३ मिलिव्होल्ट. आणि रिकाम्या काट्याला हा फरक नेमका शून्य असेल असं कुणीच कबूल केलेलं नसतं. लोडसेलच्या डेटाशीटवर झिरो बॅलन्स नावाची ओळ असते आणि तिथे बहुधा अधिक-उणे १ टक्का वगैरे लिहिलेलं असतं. २० किलोच्या १ टक्का म्हणजे २०० ग्रॅम. तुमच्या नगात पॅन धरून तो फरक उणे ०.०६६ मिलिव्होल्ट निघालाय. हिरवी वायर १.६५ व्होल्टवर आणि पांढरी तिच्या केसभर वर. दोन्ही वायर ग्राउंडच्या कितीतरी वर आहेत, पण त्यांचा फरक उणे आहे.

एडी७१२४ युनिपोलर मोडमध्ये असेल, म्हणजे बायपोलर लिहिलेलं नसेल, तर उणे फरकाला ती एकच उत्तर देते: सगळे बिट शून्य. फरक शून्याच्या वर आला की मगच मोजायला लागते. तुमचे पहिले २०० ग्रॅम तिथे गेले. मग तुम्ही ५ किलो ठेवून कॅलिब्रेट केलंत तेव्हा चिपला ४.८ किलोच दिसले होते, सॉफ्टवेअरने त्यांनाच ५ मानलं, आणि ५ भागिले ४.८ म्हणजे तो १.०४१७ चा उतार.

हे मी इतक्या खात्रीने सांगू शकतो कारण माझ्या हातून हेच झालंय. वजनकाट्याच्या पहिल्याच बोर्डवर असे चुकीचे आकडे आले, आम्ही आठ दिवस लोडसेलवर संशय घेत बसलो, शेवटी तो बदलून घेतला, आणि नवा लोडसेल बरोबर चालला. त्यामुळे जुना खराब होता यावर शिक्कामोर्तब झालं. प्रत्यक्षात नव्याचा झिरो बॅलन्स योगायोगाने अधिक बाजूला होता. पुढच्या लॉटमधले जवळपास निम्मे काटे पुन्हा तसेच निघाले तेव्हा कुठे मी स्कीमॅटिक, डेटाशीट आणि डिव्हाइसट्री शेजारी शेजारी ठेवून वाचली. भाग बदलल्यावर बरं वाटणारा दोष सगळ्यात जास्त दिवस खातो. म्हणून तुम्हाला लोडसेल बदलू नका म्हटलं.

आता चॅनल लिहिण्याबद्दल. कुठलंही चॅनल लिहिताना स्वतःला दोन प्रश्न विचारायचे, आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. पहिला: ही पिन कशाच्या तुलनेत मोजली जातेय? ग्राउंडच्या, दुसऱ्या एखाद्या स्थिर व्होल्टेजच्या, की स्वतः हलणाऱ्या दुसऱ्या सिग्नलच्या? दुसरा: ती तुलना केल्यावर येणारा फरक शून्याखाली जाऊ शकतो का? पहिल्याच्या उत्तरावरून, त्याच क्रमाने, चॅनल सिंगल-एंडेड, स्यूडो-डिफरेन्शियल की डिफरेन्शियल ते ठरतं. दुसऱ्यावरून युनिपोलर की बायपोलर. तीन गुणिले दोन, एकूण सहा प्रकार, आणि हे सहाही प्रत्यक्षात भेटतात. "डिफरेन्शियल आहे म्हणजे बायपोलर असणारच" हे जितकं चूक, तितकंच "सिंगल-एंडेड आहे म्हणजे युनिपोलरच" हेही चूक. एडी७६०६ घ्या. ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालून ती ग्राउंडच्या तुलनेत अधिक-उणे १० व्होल्ट घेते. सिंगल-एंडेड आणि बायपोलर.

लिनक्सच्या बाइंडिंगमध्ये (डिव्हाइसट्रीत काय लिहायचं त्याचे नियम) सगळ्या एडीसींसाठी एक सामाईक फाइल आहे, आयआयओच्या एडीसी फोल्डरमधली एडीसी.याम्ल. तिच्यातल्या प्रॉपर्टी या दोन प्रश्नांना धरूनच आहेत. डिफ-चॅनल्सला दोन आकडे लागतात, आधी अधिक पिनचा, मग उणे पिनचा. सिंगल-चॅनलला एकच. कॉमन-मोड-चॅनल नेहमी सिंगल-चॅनलच्या सोबतच येते, एकटी लिहिता येत नाही. तिचं म्हणणं असं की मोजायला दोन पिना लागतात खऱ्या, पण दुसरी पिन हा सिग्नल नाही, नुसता टेकू आहे. सिंगल-चॅनल आणि कॉमन-मोड-चॅनल या दोन्ही २०२४ मध्ये आल्या, म्हणून जुन्या चिप्सच्या बाइंडिंगमध्ये त्या सापडल्या नाहीत तर गोंधळू नका. बायपोलर ही नुसती खूण आहे, तिला किंमत नसते. असली तर आहे, नसली तर नाही.

आणि खाच इथेच आहे. पिनचा आकडा द्यायला विसरलात तर स्कीमा तपासणी (फाइल बाइंडिंगच्या नियमांशी ताडून बघणारी) ओरडेल. बायपोलर लिहायला विसरलात तर कुणीच काही बोलणार नाही, कारण ते न लिहिणं हेही पूर्ण वैध विधान आहे: "या चॅनलवरचा फरक कधीही उणे जात नाही." तुम्ही ते विधान केलंत, चिपने ते प्रामाणिकपणे पाळलं.

नोडमधल्या रेग या आकड्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुमच्या फाइलमध्ये ती चुकलीय. एडी७१२४-८ मध्ये रेग म्हणजे पिनचा क्रमांक नव्हे. चिपच्या आत ० ते १५ अशी सोळा चॅनल रजिस्टर आहेत, त्यातलं कितवं वापरायचं ते रेग सांगतं; कुठल्या पिना त्याला जोडायच्या ते डिफ-चॅनल्स सांगतं. तुम्ही पीटी१०० ला चॅनल@२ आणि रेग २ दिलंत कारण तो एआयएन२ या पिनवर आहे. ते चालून जातंय, पण हा नियम समजून पुढच्या बोर्डवर गेलात तर फसाल. लोडसेलचा नोड असा हवा (देवनागरीत लिहितोय, शब्द तेच):

चॅनल@० {
  रेग = <०>;
  डिफ-चॅनल्स = <० १>;
  बायपोलर;
  एडीआय,रेफरन्स-सिलेक्ट = <०>;
  लेबल = "लोडसेल";
};

रेफरन्स-सिलेक्ट ० म्हणजे रेफइन१ च्या दोन पिना. ब्रिजला जे ३.३ व्होल्ट देताय तेच तिथे नेले असतील तर पुरवठा थोडा वरखाली झाला तरी वजन हलत नाही, कारण सिग्नल आणि संदर्भ एकाच पटीत हलतात. ही ओळ गाळलीत तर चिपचा आतला २.५ व्होल्टचा संदर्भ धरला जातो आणि तो फायदा हातचा जातो. लेबल लिहाच. सहा महिन्यांनी दुसरा माणूस व्होल्टेज०-व्होल्टेज१ या नावावरून काही ओळखू शकणार नाही.

"बायपोलर केलं की एक बिट जातो ना?" हेही विचारलंत. हिशोबाने जातो. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा) १२८ आणि संदर्भ ३.३ व्होल्ट धरला तर पूर्ण पल्ला २५.७८ मिलिव्होल्ट. युनिपोलरमध्ये त्याचे २४ बिटांचे तुकडे, एकेक दीड नॅनोव्होल्टचा. बायपोलरमध्ये तीन नॅनोव्होल्टचा. पण या गेनला चिपचा स्वतःचा नॉइजच त्याच्या कित्येक पट आहे. जो बिट गेला तो तुम्हाला कधी दिसणारच नव्हता. त्याच्या बदल्यात २०० ग्रॅम परत मिळतायत.

पीटी१०० चं उत्तर लोडसेलच्या उलट आहे, आणि मला तो शिकवायला फार आवडतो. तापमान उणे जातं, म्हणून लोक तिथे हमखास बायपोलर लिहितात. पण एडीसी तापमान मोजत नाही, व्होल्टेज मोजते. पीटी१०० चा रोध ० अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५, आणि उणे २०० अंशालाही साडेअठरा ओहम असतो. रोध शून्याखाली जात नाही. ५०० मायक्रोअँपिअर सोडलात तर ० अंशाला ५० मिलिव्होल्ट, उणे २०० ला ९ च्या थोडे वर. वायर दोन, दोन्ही ग्राउंडपासून वर, पण फरक कायम अधिक. म्हणून डिफ-चॅनल्स <२ ३>, बायपोलर नाही. डिफरेन्शियल युनिपोलरचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. याच जागी उद्या थर्मोकपल आला तर मात्र बायपोलर हवंच. के प्रकारचा थर्मोकपल अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो, पण तो दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाचा असतो. टोक कनेक्टरपेक्षा थंड झालं की चिन्ह उलटतं. शीतगृहात लावलेला थर्मोकपल बहुतेक वेळ उण्यातच असतो.

ट्रान्समीटरला १०० ओहमचा शंट (प्रवाहाचं व्होल्टेज करणारा रोध) लावलाय, म्हणजे ०.४ ते २ व्होल्ट. मापन ग्राउंडच्या तुलनेत आणि नेहमी अधिक, म्हणून सिंगल-एंडेड युनिपोलर. इथे तुम्ही सिंगल-चॅनल लिहायला निघाला होतात. विचार बरोबर आहे, पण या चिपचं बाइंडिंग ती प्रॉपर्टी येण्याच्या आधीचं आहे आणि डिफ-चॅनल्स सक्तीचं करतं. उणे बाजूला १७ लिहायचं, तो आतल्या एव्हीएसएसचा, म्हणजे इथे ग्राउंडचा, क्रमांक आहे: डिफ-चॅनल्स <४ १७>. तसंच बफरकडे, म्हणजे पिन आणि मोजणारा भाग यांच्या मधल्या टप्प्याकडे, लक्ष द्या. गेन १ असताना बफर चालू असेल तर इनपुट एव्हीएसएसपासून किमान ०.१ व्होल्ट वर असावं लागतं. ०.४ व्होल्टची अधिक पिन त्यात बसते, ग्राउंडला टेकलेली उणे बाजू बसत नाही. म्हणून एडीआय,बफर्ड-पॉझिटिव्ह लिहा आणि एडीआय,बफर्ड-निगेटिव्ह लिहू नका. मिलिव्होल्टचे मिलिअँपिअर करायचं गणित ड्रायव्हरमध्ये किंवा या नोडमध्ये कोंबू नका. त्यासाठी करंट-सेन्स-शंट नावाचा वेगळा नोड आहे, त्यात शंटची किंमत मायक्रोओहममध्ये द्यायची, तुमच्यासाठी १०,००,००,०००.

शंटची ग्राउंडकडची बाजू मात्र एकदा बोर्डवर जाऊन बघा. त्याच तांब्यावरून रिलेचा प्रवाह परत येत असेल तर शंटचं ग्राउंड आणि एडीसीचं ग्राउंड या दोन जागा होतात, आणि रिले ओढला की दाब उडी मारतो. एआयएन५ मोकळी आहे. शंटच्या त्या टोकाला एक स्वतंत्र वायर ओढून तिथे आणलीत तर <४ १७> चं <४ ५> होईल. सेन्सर तोच, सिग्नल तोच, एक वायर बदलली आणि वर्णन बदललं. बफर्ड-निगेटिव्ह याही वेळी नको.

याच मुद्द्यावर थोडा रेंगाळतो. मोटरचा प्रवाह मोजायचा एक सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) आणि त्याच्यावर, प्रवाहाचं व्होल्टेज करणारा, एक बर्डन रेझिस्टर घ्या. प्रवाह एसी, म्हणजे दोन्ही दिशांना जाणार, म्हणून सीटीचं एक टोक १.६५ व्होल्टवर टांगलंय आणि दुसरं त्याच्या वरखाली डोलतंय. आता बोर्ड तीन जणांनी तीन तऱ्हांनी केला.

पहिल्याने डोलणारं टोक एडीसीच्या एका पिनवर आणलं आणि ग्राउंडच्या तुलनेत मोजलं. चिपला दिसतं ते ० ते ३.३ च्या मधलं काहीतरी, कधीही उणे नाही. हे सिंगल-एंडेड युनिपोलर. प्रवाह एसी आहे हे खरं, पण ते एडीसीच्या नोडमध्ये लिहायचं नाही, १.६५ वजा करणं हे वरच्या सॉफ्टवेअरचं काम.

दुसऱ्याने तोच १.६५ व्होल्टचा टेकू चिपच्या कॉमन पिनवरही नेला. उदाहरणार्थ एडी४६९५, सोळा इनपुट आणि एक कॉम पिन. आता मोजमाप टेकूच्या तुलनेत होतं आणि फरक दोन्हीकडे जातो. स्यूडो-डिफरेन्शियल बायपोलर. लिहायचं सिंगल-चॅनल, सोबत कॉमन-मोड-चॅनलमध्ये कॉम, आणि बायपोलर. इथे आणखी एक गोष्ट लागते जी लोक विसरतात: कॉम-सप्लाय. टेकू किती व्होल्टचा आहे हे चिपला मोजता येत नाही, कारण ती फक्त फरक बघते. तो व्होल्टेज रेग्युलेटर म्हणून डिव्हाइसट्रीत दिला तरच ड्रायव्हर त्यावरून ऑफसेट काढू शकतो, नाहीतर ग्राउंडच्या तुलनेत खरा व्होल्टेज किती हे कुणालाच सांगता येणार नाही. एडी७३८० च्या कुटुंबातल्या स्यूडो-डिफरेन्शियल चिप्सना एआयएनए-सप्लाय आणि एआयएनबी-सप्लाय मागितले जातात ते याच कारणासाठी.

तिसऱ्याने सीटीची दोन्ही टोकं दोन पिनांवर आणली आणि बायस मधल्या बिंदूला दिला. एक वर जातं तेव्हा दुसरं तितकंच खाली. हे अस्सल डिफरेन्शियल बायपोलर: डिफ-चॅनल्स आणि बायपोलर.

सीटी एकच, मोटर एकच, नोड तीन. कुणी मला विचारलं की "सीटीसाठी डिव्हाइसट्रीत काय लिहायचं", तर मी उत्तर देत नाही, स्कीमॅटिक मागतो. डिव्हाइसट्री सेन्सरचं वर्णन करत नाही आणि ड्रायव्हरला हुकूमही देत नाही. तांबं कुठून कुठे गेलंय आणि त्यावर काय येऊ शकतं, एवढंच तिने सांगायचं. कर्नल पुढे बदलेल, ड्रायव्हर नव्याने लिहिला जाईल, बोर्ड मात्र तोच राहील, आणि आज लिहिलेली फाइल तेव्हाही खरी असायला हवी. "या ड्रायव्हरला असं लिहिलं की चालतं" म्हणून लिहिलेल्या ओळी पुढच्या कर्नलला मोडतात.

एडी४६९५ च्या बाइंडिंगमधली एक गोष्ट मला मनापासून आवडते. चॅनलचा आधार रेफ-ग्राउंड (संदर्भाचं ग्राउंड) असेल आणि तुम्ही बायपोलर लिहिलंत, तर स्कीमा ते नाकारतो, कारण त्या चिपवर ती जोडणी शक्यच नाही. जिथे चिपचा नियम लिहिता येतो तिथे तो असा लिहिलेला असावा, म्हणजे चूक टेबलावरच सापडते. तुमच्या लोडसेलच्या बाबतीत असा नियम लिहिताच येत नाही, दोन्ही मोड चिपला मान्य आहेत. तिथे माणसालाच विचार करावा लागतो.

दुसऱ्या चिप्सवर जाताना सवयी सोबत नेऊ नका. एडीएस१११५ फार जणांच्या हातात असते. तिचं बाइंडिंग जुन्या धाटणीचं आहे: रेगचा आकडा हाच जोडीचा संकेत. ० म्हणजे एआयएन० आणि एआयएन१ मधला फरक, १ म्हणजे ० आणि ३, २ म्हणजे १ आणि ३, ३ म्हणजे २ आणि ३. ४ ते ७ म्हणजे चार पिना ग्राउंडच्या तुलनेत. तिथे डिफ-चॅनल्स लिहून उपयोग नाही, ड्रायव्हर तिकडे बघत नाही. बायपोलरही नाही, कारण ती चिप नेहमीच चिन्हासकट आकडा देते. ग्राउंडच्या तुलनेत मोजलं तर सोळा बिटांतले पंधराच कामी येतात. एमसीपी३२०८ किंवा एमसीपी३००८ च्या डेटाशीटवर स्यूडो-डिफरेन्शियल हा शब्द बघून त्यावर लोडसेल लावायला जाऊ नका. तिथली उणे पिन ग्राउंडपासून १०० मिलिव्होल्टच्या आतच राहायला हवी, आणि ब्रिजची वायर तर १.६५ व्होल्टवर बसलेली असते. एडी७९८६ सारख्या चिपला एकच कायमची डिफरेन्शियल जोडी असते, ती तिच्या कम्पॅटिबल (चिप कोणती ते सांगणाऱ्या) नावावरूनच कळते; तिथे चॅनलचा नोडच लिहायचा नाही.

आता तुमच्या काट्याकडे परत. बायपोलर घातल्यावर एक गोष्ट तुम्हाला घाबरवेल, म्हणून आधीच सांगतो. रिकाम्या पॅनचा रॉ आकडा ० वरून एकदम ८३,६७,००० च्या आसपास जाईल. ते बरोबर आहे. एडी७१२४ बायपोलरमध्ये शून्य फरकाला २ चा २३ वा घात म्हणजे ८३,८८,६०८ दाखवते, उणे त्याखाली, अधिक त्यावर. तुमच्या उणे ०.०६६ मिलिव्होल्टचे साधारण २१,४७५ त्यातून वजा झाले. ड्रायव्हर त्याच वेळी ऑफसेट फाइलमध्ये उणे ८३,८८,६०८ देतो. आयआयओचा ठरलेला हिशोब असा: रॉ अधिक ऑफसेट, आणि त्या बेरजेला स्केलने गुणलं की मिलिव्होल्ट. तुमचा प्रोग्राम फक्त रॉ गुणिले स्केल करत होता, ते युनिपोलरमध्ये चालून गेलं कारण ऑफसेट ० होता. आता ऑफसेट वाचलाच पाहिजे. तो उणे ८३,८८,६०८ दिसत नसेल तर नवी डीटीबी (डिव्हाइसट्रीची कंपाइल केलेली फाइल) बोर्डवर पोहोचलेलीच नाही. बूट पार्टिशनमधली फाइल जुनी असणं हे याचं नेहमीचं कारण.

मग पॉवर बंद करून कनेक्टरवर हिरवी आणि पांढरी वायर अदलाबदल करा, पुन्हा चालू करा आणि पॅनवर १ किलो ठेवा. आकडा आरशासारखा उलटा, उण्यात, पण तितक्याच अंतराने हलला पाहिजे. पूर्वीच्या फाइलवर हीच चाचणी केलीत तर २०० ग्रॅमच्या वर वजन कितीही ठेवा, ० च दिसेल. वायर परत जागेवर लावा, मेक डीटीबीएस_चेक (तीच स्कीमा तपासणी) चालवून बाकीच्या दोन नोडवर तक्रार नाही ना ते बघा, आणि साठवलेलं जुनं कॅलिब्रेशन पुसून टाका. त्यात तो १.०४१७ चा उतार अजून बसलेला आहे, आणि तो राहिला तर आता रिकामा पॅन शून्यावर आणल्यावर ५ किलोला ५.२०८ दिसेल. रिकामा पॅन आणि ५ किलो अशा दोन बिंदूंवर नव्याने कॅलिब्रेट करा, मग १ आणि १० किलो ठेवून पाहा. शक्य असेल तर तुमच्याकडच्या सगळ्या लोडसेलचा रिकामा आकडाही एकदा लिहून काढा. त्यातले काही ८३,८८,६०८ च्या वर असतील, काही खाली.